तिच्या फॉर्मवरचे चार विषय

इलेक्टिव्ह निवडायच्या शेवटच्या दिवशी बहुतेक मुलं माझ्याकडे फक्त सहीसाठी येतात. ती मात्र विचार करून, सुवाच्य अक्षरात फॉर्म भरून आली होती. डिफरन्शियल जॉमेट्री, ग्रुप थिअरी, क्वांटम फील्ड थिअरी, प्रगत सामान्य सापेक्षता. प्रयोगशाळेचा रकाना कोरा.

"पुढे कशात काम करायचंय?"

"गुरुत्वीय लहरींमध्ये, मॅडम."

ध्येय इतकं स्पष्ट असलेली मुलं पदवीच्या वर्गात कमीच भेटतात. म्हणून सही बाजूला ठेवली आणि तिला शेजारी खुर्ची दिली. अशा लहरी टिपणारी लायगोची दोन यंत्रं अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे आहेत, आणि त्यांची निरीक्षणं कुणालाही इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेल्या, १४ सप्टेंबर २०१५ ला सापडलेल्या पहिल्या लहरीच्या आसपासचा, हॅनफर्डच्या यंत्राने टिपलेला ३२ सेकंदांचा तुकडा माझ्याकडे होताच. त्याचा आलेख काढला आणि म्हटलं, "शोध लहर."

पडद्यावर नुसती संथ, वेडीवाकडी हेलकावणारी रेष. तिने आलेख मोठा केला, आणखी मोठा केला. काहीच दिसेना. दिसणार तरी कसं? लहरीमुळे लांबीत पडलेला सापेक्ष फरक जेमतेम १०⁻²¹, म्हणजे यंत्राच्या ४ किलोमीटरच्या भुजेत (लेझर धावतो त्या नळीत) प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्शाएवढा. कमी वारंवारतेचा गोंगाट त्याच्या शेकडो पट.

मग फूरिए ट्रान्सफॉर्म घेऊन वर्णपट, म्हणजे कोणती वारंवारता किती आहे याचा आलेख, काढायला सांगितलं. इथे ती अडली. मधूनच कापलेल्या तुकड्याचा ट्रान्सफॉर्म घेतला की टोकांशी तुटलेपणा येतो आणि मुळात नसलेल्या वारंवारताही उगवतात. म्हणून आधी डेटाला विंडो लावून टोकं हळूहळू शून्यावर आणावी लागतात. गणिताच्या पेपरात तिने फूरिएची सगळी प्रमेयं सोडवली होती, पण ही गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती. विंडो लावल्यावर वर्णपट नीट उमटला. त्यात ६० हर्ट्झला एक टोकदार सुळका होता.

"हे काय?"

"वीजपुरवठा."

५०० हर्ट्झच्या आसपास आणखी सुळके होते. ते आरसे ज्या काचेच्या तंतूंवर टांगलेत त्या तंतूंच्या कंपनाचे. या सुळक्यांच्या मधल्या पट्ट्यात यंत्र सगळ्यात शांत असतं. तिथे त्याला आणखी बारीक लहर टिपण्यापासून काय अडवतं, असं विचारल्यावर ती गप्प झाली. त्यात मोठा वाटा आरशांवरच्या लेपातल्या उष्णतेच्या थरथरीचा आहे. ती किती असेल याचा हिशेब थरथर आणि ऊर्जेची गळती यांचं नातं सांगणाऱ्या फ्लक्चुएशन-डिसिपेशन प्रमेयावरून होतो, आणि ते प्रमेय स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समधलं. "म्हणजे स्टॅटमेक इथे लागतं?" असं ती जवळजवळ ओरडलीच. तो विषय तिच्या यादीत नव्हता. कृष्णविवरांशी त्याचा काय संबंध, असं तिला वाटलं होतं.

शेवटी गोंगाटाची पातळी सगळ्या वारंवारतांना सारखी केली आणि ३५ ते ३५० हर्ट्झचा फिल्टर लावला. साधारण ०.२ सेकंदात झपाट्याने चढत जाणारी ती लहर रेषेतून वर आली. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

त्यानंतर आम्ही फॉर्मकडे वळलो. विषय निवडताना मी मुलांना एकच विचारते: यातलं काय तुला पुढे पुस्तक घेऊन, दोन मित्रांसोबत बसून शिकता येईल, आणि कशाला उपकरणं आणि चूक दाखवणारं माणूस लागेल? आइन्स्टाइनला वक्र अवकाशाची भूमिती हवी होती, तेव्हा १९१२ मध्ये मार्सेल ग्रोसमान या गणितज्ञ मित्राच्या मदतीने त्याने ती आत्मसात केली. १९१५ च्या अखेरीस समीकरणं तयार होती. पण यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व आणि सांख्यिकीय भौतिकी त्याच्या हाडात मुरलेली होती. पाया असा पक्का असेल तर गरजेचं गणित माणूस लागेल तेव्हा शिकतो. लेझर जुळवायला किंवा गोंगाटाचं मूळ शोधायला नुसतं वाचून येत नाही.

क्वांटम फील्ड थिअरीबद्दल माझं मत तिला पटलं नाही, पण मी ते सोडलं नाही. तिचा क्वांटम मेकॅनिक्सचा दुसरा भाग अजून व्हायचा आहे. त्याआधी फील्ड थिअरी घेतली तर चिन्हं हाताळता येतात, अर्थ लागत नाही. पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज वाचताना मी आधी मूलभूत विषयांतले गुण बघते. 'प्रगत' शब्दाने भरलेली गुणपत्रिका वाचून माझ्यावर फारसा परिणाम होत नाही.

अखेर फॉर्मवर स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आलं, लेझर आणि ऑप्टिक्सची प्रयोगशाळा आली. सांख्यिकी विभागाच्या डेटा विश्लेषणाच्या तासाची वेळ प्रयोगशाळेशी जुळत नव्हती, म्हणून प्रयोगशाळेची तुकडी बदलून घेतली. डिफरन्शियल जॉमेट्री तिने ठेवली. "ती मला आवडते," एवढंच म्हणाली, आणि चारांतला एक विषय आवडीचा असायलाच हवा, म्हणून मीही हरकत घेतली नाही. सापेक्षता पुढच्या सत्रात.

सही झाल्यावरही ती उठेना. लिव्हिंग्स्टनच्या यंत्राचा डेटा घरी असाच करून बघू का, म्हणाली. बघ, म्हटलं, पण सुळके वेगळे सापडतील, आणि दोन्ही यंत्रांच्या भुजांची दिशा वेगळी असल्याने लहर उलटी करून जुळवावी लागेल. लिव्हिंग्स्टनला ती हॅनफर्डच्या आधी पोचली होती. किती आधी, ते तू मोजून आण.