वजनकाटा जप्त झालेल्या माणसाला स्वातंत्र्य कसं सांगायचं

गरीब देशांतल्या वाचकांपर्यंत व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार पोचवायचा म्हटलं की बहुतेक लेख तत्त्वज्ञांपासून सुरू होतात, मग नैसर्गिक हक्क, मग सरकारच्या मर्यादा, आणि तिथवर येईतो वाचक कधीच निघून गेलेला असतो. मला त्याचा राग येत नाही, लिहिणाऱ्यांचा येतो.

मोहम्मद बुअझिझी आठवतोय? ट्युनिशियातल्या सिदी बुझिदमध्ये गाडीवर फळं विकायचा, वय २६. १७ डिसेंबर २०१० ला त्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला, तो दाद मागायला गव्हर्नरच्या कचेरीत गेला, कुणी भेटलंच नाही, आणि त्याने कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारी २०११ ला तो गेला. त्यातून लोक रस्त्यावर उतरले आणि दहा दिवसांनी २३ वर्षं सत्तेवर असलेला राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला. मला त्यातला तो काटा विसरता येत नाही. काटा गेला म्हणजे उद्याचा धंदा गेला, आणि तो परत कुणाकडे मागायचा हेही माहीत नाही. मालमत्तेचा हक्क हा श्रीमंतांचा विषय आहे असं मग कसं म्हणायचं?

पेरूमध्ये १९८० च्या दशकात अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो आणि त्यांच्या लोकांनी राजधानी लिमात कपडे शिवायचा छोटा कारखाना कायदेशीर मार्गाने नोंदवून बघितला. २८९ दिवस लागले! एवढा आकडा सांगितला तरी कुठल्याही देशातला छोटा धंदेवाला कान टवकारतो, कारण खेटे घालणं म्हणजे काय ते त्याला आपल्याहून जास्त कळतं.

पण एक गोष्ट आपण झाकून ठेवतो आणि तिथेच विश्वास जातो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ लिहिलं, व्यक्तीच्या बाजूने इतकं ठाम दुसरं काही मी वाचलेलं नाही, पण हाच माणूस त्याआधी पस्तीसेक वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता आणि त्याच पुस्तकात त्याने लिहून ठेवलंय की व्यक्तिस्वातंत्र्याचं हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही, त्यांच्यावर हुकूमशाही चालवली तरी चालेल, हेतू त्यांच्या सुधारणेचा असला म्हणजे झालं. हे वाचकाला आपणच सांगायला हवं, पहिल्या पानावर. नाहीतर ते त्याला दुसरीकडून कळतं आणि मग आपलं एक अक्षर तो वाचत नाही.

आणि तरीही लोकांनी ते पुस्तक उचललं. १८७२ मध्ये नाकामुरा मासानाओंनी ते जपानीत आणलं, १९०३ मध्ये यान फूंचं चिनी भाषांतर छापून आलं. हे तत्त्व सगळ्यांना लागू आहे असं मिलने म्हटलं नव्हतं, पण यांनी त्याची वाट पाहिली नाही. जपानीत ‘जियू’ या शब्दाला तोवर मनमानीचा वास होता, तोच शब्द नाकामुरांना स्वातंत्र्यासाठी घासूनपुसून वापरावा लागला. यान फूंनी तर पुस्तकाचं नावच बदलून ‘समूहाचे आणि व्यक्तीचे अधिकार, त्यांची सीमा’ अशा अर्थाचं ठेवलं, म्हणजे स्वातंत्र्य शब्द नावातच नाही.

हे मला फार जवळचं वाटतं कारण मी पण तिथेच अडते. मराठीत ‘स्वातंत्र्य’ म्हटलं की पहिल्यांदा देश डोळ्यांसमोर येतो, माणूस नाही. आणि ‘ती फार स्वतंत्र आहे’ हे एखाद्या मुलीबद्दल म्हटलं तर ते कौतुक की तक्रार हे आवाजावरून ठरवावं लागतं. सरकारच्या बंधनांवर दहा लेख मिळतील, पण जिच्या फोनचा पासवर्ड घरातल्या सगळ्यांना माहीत असावाच लागतो तिच्यासाठी त्यात काय असतं? तिला सरकार खूप लांबचं आहे हो.

सध्या एका भाषांतरात ‘सक्ती’ लिहू की ‘जबरदस्ती’ यावर चार दिवस घालवलेत. सक्ती सरकार करतं, जबरदस्ती काका पण करतात. ‘जबरदस्ती’ ठेवलंय.