कोडावर लाइट घेताना : राळेगाव तालुक्यातला माझा अनुभव

कोडासाठी, म्हणजे अंगावरच्या पांढऱ्या डागांसाठी, मी दवाखान्यात जाऊन लाइट घेते असं सांगितलं की गावात समोरून एकच प्रश्न यायचा. "वावरात का ऊन कमी हाये? लाइट घ्याले एवढ्या दूर काहून जाते वो?" आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे प्रश्न अगदीच रास्त होता. मीही तो पहिल्याच भेटीत डॉक्टर मॅडमना विचारला होता. त्यांच्या उत्तरावर माझा पुढचा सगळा उपचार उभा राहिला, म्हणून आधी तेच सांगते.

उन्हात सगळ्या तऱ्हेचे किरण मिसळलेले असतात. त्यातल्या अतिनील किरणांमध्ये यूव्हीए पुष्कळ असतं आणि यूव्हीबी थोडं. तेही सकाळी वेगळं, दुपारी वेगळं आणि ढग आले की आणखी वेगळं, म्हणजे अंगावर किती पडलं याचा काही हिशेब लागत नाही. कोडाच्या डागात कातडीला रंग देणाऱ्या पेशी उरलेल्या नसतात, त्यामुळे तो भाग ऊन सोसत नाही, नुसता भाजतो. दवाखान्यातल्या ट्यूबमधून मात्र ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्हीबीचा अरुंद पट्टाच (नॅरोबँड) बाहेर पडतो. आपल्याच शरीरातल्या ज्या संरक्षक पेशी रंगपेशींवर तुटून पडतात, त्यांना हा पट्टा शांत करतो. केसांच्या मुळाशी ज्या रंगपेशी शिल्लक असतात त्यांना तो वर यायला लावतो. शिवाय तो मोजून देता येतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९७ साली कोडावर याचा चांगला परिणाम दाखवला आणि आता आपल्याकडेही मोठ्या दवाखान्यांतून हा उपचार मिळतो.

मोजून देण्याचं महत्त्व मला घरातच दिसलं होतं. माझ्या चुलत जावेच्या पायावर कोड होतं. कुणीतरी तिला बावचीचं तेल लावून दुपारच्या उन्हात बसायला सांगितलं आणि पायावर टरारून फोड आले. बावची खोटी नाही. तिच्यात सोरालेन नावाचा घटक असतो आणि तो कातडीला उजेडापुढे फार हळवं करतो. हेच सोरालेन वापरून डॉक्टर पुवा नावाचा उपचार देतात. त्यात औषध किती, त्यानंतर किती वेळाने यूव्हीए द्यायचं आणि किती द्यायचं, हे सगळं ठरलेलं असतं. वावराच्या धुऱ्यावर बसून ते कोण ठरवणार?

माझे डाग मानेवर, डाव्या गालावर आणि बोटांच्या टोकांवर होते. सर्वांत आधी आमच्या आशाताईंनी डोळे मिटायला लावून डागावर कापसाचा बोळा फिरवला आणि "कुठं लागते ते सांगा" म्हणाल्या. मला प्रत्येक वेळी बरोबर कळलं. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो आणि त्याची संवेदना गेलेली असते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, पण संवेदना शाबूत. वर्धा आणि यवतमाळच्या भागात कुष्ठरोगाची भीती जुनी आहे, आणि ती भीती मोडणारी माणसंही इथलीच. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची सेवा स्वतःच्या हातांनी केली, आनंदवन तर वरोऱ्याला, आमच्यापासून फार दूर नाही. तरीही माझ्या गालावर डाग दिसल्यावर दोन घरांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. कोड संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवलं तरी नाही, एका अंथरुणात झोपलं तरी नाही. हे मी तेव्हाही ठणकावून सांगत होते, आजही सांगते.

वर्ध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्याच्या चर्मरोग विभागात आशाताईंनी पाठवलं. तिथे मॅडमनी मला खोलीतला दिवा बंद करून अंधारात बसवलं आणि हातात मावेल एवढा जांभळट उजेडाचा दिवा अंगावरून फिरवला. त्याला वूड्स लॅम्प म्हणतात. त्या उजेडात कोडाची जागा निळसर पांढरी चमकते. गालावरचा डाग चमकणार हे ठाऊक होतं, पण कानामागे आणि कमरेला परकराच्या नाड्याच्या रेषेतही पट्टा चमकला. साध्या उजेडात तिथे मला काहीही दिसत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "ताई, जिथं सतत घासतं किंवा खरचटतं, तिथं कोड नव्यानं उठू शकतं. नाडा ढिला बांधा, रोज जागा बदला." बोटांचंही तेच. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचत राहतात. त्यांनी टिकली कोणती लावता, चप्पल रबराची आहे का, हेही विचारलं, कारण काही टिकल्यांच्या गोंदातल्या आणि काही रबरातल्या रसायनाने त्या जागेचा रंग जातो. माझ्या कपाळावर डाग नव्हता, पण मी गोंदाची टिकली त्या दिवसापासून सोडली.

मग डर्मोस्कोप आला. हे मोबाइलला लावता येणारं भिंगच असतं. त्यातून डागातले केस पाहिले. केस काळे असले तर मुळाशी रंगपेशी असण्याची आशा असते, केस पांढरे झाले असले तर काम अवघड. माझ्या मानेवरची लव काळी होती. बोटांच्या टोकांना केसच नसतात, तिथे रंग यायला वाटच कमी, हे मॅडमनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा लावली नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. रक्त तपासलं, थायरॉइडही तपासलं, कारण कोडाबरोबर थायरॉइडचा त्रास असू शकतो. उन्हाने अंगावर पुरळ उठतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हेही विचारून घेतलं. काही आजारांत आणि काही औषधांवर हा लाइट देत नाहीत.

लाइटची खोली म्हणजे उभं राहण्यापुरती कॅबिन, चारी बाजूंनी उभ्या ट्यूब. डोळ्यांना गडद गॉगल. अंगावर तेल, पावडर, मलम काही नाही. कपडे काढायचे म्हणून मला संकोच होता, पण बाहेर सिस्टरच उभ्या असतात आणि दार आतून ढकललं की उघडतं. जाणाऱ्या बायकांनी हे आधीच जाणून घ्यावं, कारण ह्या धास्तीने परत फिरलेल्या दोघी मी तिथेच पाहिल्या.

माझी खरी अडचण मंगळसूत्राची झाली. सिस्टरांचा नियम असा की अंगावर जे असेल ते प्रत्येक वेळी तसंच हवं. त्यांनी समजावून सांगितलं, "आज बांगड्या घालून उभ्या राहिल्या आणि दोन महिन्यांनी काढून आल्या, तर बांगड्यांखालच्या कोऱ्या कातडीवर एकदम वाढलेला डोस पडेल. भाजेल ती." माझा डाग तर बरोबर मंगळसूत्राखाली होता. म्हणजे प्रत्येक वेळी ते काढणं आलं. घरी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "सौभाग्याचं लेणं असं येता-जाता काढाचं असते का?" मला त्यांचा राग आला नाही, त्यांचं सगळं आयुष्य त्या एका समजुतीत गेलं आहे. मी त्यांनाच सोबत घेऊन गेले. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली, आत ट्यूब दाखवल्या, मानेवरचा डाग दाखवला. परतताना एसटीत त्या म्हणाल्या, "कुंकवाचा जुना करंडा हाये माझा, त्यात ठेवत जाजो. उघडं नको ठेवू." त्यानंतर दवाखान्यात जायच्या दिवशी तो करंडा सासूबाईच माझ्या पिशवीत ठेवत.

डोस २०० मिलिज्यूलपासून सुरू झाला. पहिल्या दिवशी आत उभं राहणं मिनिटभराचंही नव्हतं. पुढे दर वेळी थोडा थोडा वाढवत नेतात. डागावर हलकी गुलाबी झाक यावी आणि २४ तासांच्या आत जावी, एवढंच अपेक्षित असतं. झाक त्यापुढे टिकली किंवा आग झाली तर पुढच्या वेळी सांगायचं, मग ते डोस थांबवतात किंवा कमी करतात. लागोपाठ दोन दिवस लाइट देत नाहीत. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून.

आणि इथेच आमच्यासारख्यांचा प्रश्न सुरू होतो. आठवड्यातून दोनदा म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. महिला सन्मान योजनेमुळे मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ते नसतं तर मी हा उपचार पुरा करू शकले नसते. पण तिकीट अर्धं झालं म्हणून नाल्याचा पूर ओसरत नाही. पावसाळ्यात आमचा रस्ता बंद होतो आणि दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत घरातली एक बाई कमी होणं कुणालाच परवडत नाही. खाडा पडला की डोसही मागे जातो. आमच्या विभागात आठवड्याच्या आतला खंड चालून जातो, दोन आठवड्यांपर्यंत गेला तर डोस पाव हिश्शाने कमी करतात, तीन आठवड्यांपर्यंत गेला तर निम्मा, आणि त्याहून जास्त झाला तर पुन्हा पहिल्यापासून. पुराने माझा डोस एकदा निम्म्यावर आला तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. सिस्टर म्हणाल्या, "आलेला रंग लगेच जात नाही ताई, नुसता वेळ वाढतो." वेचणीला मी साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालत होतेच, आता लाइटच्या दिवशी गळ्याभोवती दुपट्टाही घट्ट घेऊ लागले, म्हणजे वरून उन्हाचा मार नको.

पहिले काही महिने डाग उलट जास्त ठसठशीत दिसले. लाइटने भोवतालची चांगली कातडी काळवंडते, म्हणून पांढरा डाग अधिक पांढरा वाटतो. हे मला आधी सांगितलं होतं म्हणून मी टिकले. माझ्याबरोबर लाइट घेणारा कळंबकडचा एक पोरगा ह्याच टप्प्यावर यायचा बंद झाला. मला आजही वाटतं, त्याला फोटो दाखवायला हवे होते. विभागात ठरावीक दिवसांनी फोटो काढतात. तीच भिंत, तेवढंच अंतर, तोच उजेड, शेजारी मोजपट्टी. आरशात रोज पाहणाऱ्याला बदल कळत नाही. मॅडमनी संगणकावर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले, तेव्हा मानेच्या डागात प्रत्येक केसाभोवती बारीक तपकिरी ठिपका उठलेला दिसला. पेरणीनंतर वावरातल्या तासात कोंब वर यावेत तसे ते ओळीने दिसत होते. पुढे ते पसरत गेले आणि एकमेकांना मिळाले. मॅडम म्हणाल्या, निदान सहा महिने झाल्याशिवाय हा उपचार लागू पडला नाही असं म्हणायचं नाही.

"त्या लाइटानं कॅन्सर होते" असंही कुणीतरी सांगून गेलं. मी विचारलं. वर्षानुवर्षे पुवा घेतलेल्या गोऱ्या कातडीच्या रुग्णांमध्ये कातडीचा कॅन्सर वाढलेला आढळला होता, नॅरोबँड यूव्हीबीबाबत तसं अजून सिद्ध झालेलं नाही, असं उत्तर मिळालं. तरीही माझ्या कार्डावर प्रत्येक डोस लिहिलेला आहे आणि एकूण बेरीज ठेवली जाते. कार्ड हरवू नये म्हणून मी ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते.

आज गाल पूर्ण भरला आहे. मान जवळजवळ भरली, कानामागे एक ठिपका उरला आहे. कमरेची रेषा थांबली. बोटांची टोकं तशीच पांढरी आहेत. वर्षभर डाग स्थिर राहिले तर कातडीचं रोपण करता येतं, असं मॅडम म्हणाल्या आहेत, पण वेचणीत पुन्हा टोचणारच म्हणून मी ते सध्या नको म्हटलं. त्या बोटांनी मी हळदीकुंकू लावते, आणि ज्यांनी बोलावणं बंद केलं होतं त्यांच्यापैकी एक घर आता लावूनही घेतं. दुसरं नाही.

सध्या लाइट आठवड्यातून एकदा आहे, मग पंधरवड्यातून एकदा होईल. गालावर आणि मानेवर आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमसचं मलम लावायचं आहे, कारण भरलेला डाग पुन्हा उघडा पडू शकतो. लाइटच्या दिवशी आता आमच्या गावातली नववीतली एक पोरगीही माझ्याबरोबर येते. तिच्या आईची मजुरी बुडू नये म्हणून मी तिला नेते. लहान मुलांनाही हा लाइट देता येतो. तिचा केसपेपर निघाला आहे, वूड्स लॅम्पखाली तपासणी झाली आहे आणि पोळ्यानंतर तिचा पहिला डोस आहे.