लाल दिवा लागला, पण पंपाआधी जाळी निघाली

मे महिन्यात गाडीनं बीडहून अंबाजोगाईला येत होतो. मांजरसुंब्याचा घाट चढून चहाला थांबलो, तर मीटरमध्ये ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. रेस दिली की विझायचा, सोडली की परत. काडी काढून पाहिली, ऑईल भरपूर. मग काय, केजपर्यंत तशीच रेटली. चहाला थांबलो तिथंच गाडी बंद करून टोईंग बोलवायला हवी होती, हे आता कळतं. दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर किती आहे ते सांगतो.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता सांगितलं, "ऑईल पंप गेला, इंजिन उतरवावं लागंल."

अंबाजोगाईतले मेकॅनिक चाचा मात्र म्हणाले, "दिव्यावर कामून भरोसा करताव? स्विच बी खराब असू शकतो. आधी मोजू."

प्रेशरचा स्विच काढून त्यांनी तिथं प्रेशर मोजायचं घड्याळ जोडलं. थंड इंजिनवर काटा ठीक. गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे रेस न देता, ०.३ बार, तिथं साधारण एक तरी हवा. रेस वाढवली की काटाही चढायला हवा, कारण पंप क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरच फिरतो. आमचा दीडवर अडकला आणि खाली यायला लागला. चाचा हसले, "ऑईल वढायलाच मिळंना पंपाला."

इंजिनखालचं ऑईलचं चेंबर उतरवलं. पंप ज्या जाळीतून ऑईल ओढतो, तिच्यात लाल सिलिकॉनच्या शेवया! दोन वर्षांपूर्वी चेंबर लावताना सांधा बुजवायची सिलिकॉनची ट्यूब सढळ हातानं पिळली होती.

मला वाटलं, जाळी धुतली की सुटलो. पण ऑईलचा फिल्टर पंपाच्या नंतर असतो. जाळीतून निसटलेला बारीक कचरा आधी पंपातून जातो. पंपाच्या फिरत्या रोटरवर नखाला लागतील असे ओरखडे होते, आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातल्यावर फट कंपनीच्या मापापेक्षा जास्त. म्हणजे पंपही बदलायचाच. बेअरिंगची एक कॅप उघडून पाहिली, ती शाबूत निघाली. ती झिजली असती तर नव्या पंपानंही प्रेशर आलं नसतं.

पंपापेक्षा मजुरी जास्त, कारण टायमिंगचं कव्हर खोलावं लागलं. नव्या पंपात चाचांनी आधी ऑईल ओतलं, इंजिन पेटू नये म्हणून पेट्रोलचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारला. काटा हलल्यावरच गाडी चालू केली. गरम आयडलला १.२.

शेवया कागदात बांधून ठेवल्यात. दोन वर्षांपूर्वी चेंबर लावणाऱ्याला दाखवायच्या आहेत. अजून गेलो नाही.