कर्जकरारातलं लवादाचं कलम : माझा अनुभव

वाहनकर्जाच्या थकबाकीवर वाद चालू असताना कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, की तिच्यात आधी तीन गोष्टी शोधायच्या: लवाद (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणारा) कोणी नेमला, सुनावणी कुठे आहे आणि उत्तराला मुदत किती. माझ्या नोटिशीत लवाद कंपनीनेच परस्पर नेमला होता आणि सुनावणी गोव्यापासून लांब, चेन्नईला होती. करारातही तसंच होतं, अगदी शेवटच्या पानांवर, बारीक छपाईत.

‘एवढ्या लांब कोण जाणार’ म्हणून अशी नोटीस कपाटात टाकणं फार महाग पडतं. एकतर्फी निवाडा होतो आणि तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की त्यासाठी निवाडा झालेल्या शहरातल्या कोर्टातून प्रकरण बदली करून घ्यावं लागत नाही. मालमत्ता गोव्यात असेल तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, थेट गोव्यातल्या कोर्टात लागते.

म्हणून मी लगेच लेखी हरकत घेतली. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही, लवादाला आणि कंपनीला वेगवेगळं. मजकूर थोडकाच: नेमणूक एकतर्फी आहे, १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम १२(५) (वादातल्या पक्षाशी हितसंबंध असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही) खालचा माझा आक्षेप मी सोडलेला नाही आणि हे पत्र म्हणजे लवादाचा अधिकार मान्य करणं नव्हे. एकमेव लवाद एकाच पक्षाने नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. अधिकाराबद्दलचा आक्षेप बचावाचं निवेदन देण्याआधी किंवा फार तर त्याच्यासोबत घ्यावा लागतो, त्यानंतर नाही.

याच टप्प्यावर एक कागद येतो, त्यापासून सावध राहा. ‘सदर लवादाच्या नेमणुकीस माझी हरकत नाही’ अशा आशयाची ओळ आणि खाली सहीची जागा. वसुलीचा माणूस सांगतो, ‘साहेब, ही नुसती हजेरीची सही.’ ती हजेरी नसते. वाद उद्भवल्यावर दिलेल्या स्पष्ट लेखी संमतीनेच १२(५) चा आक्षेप सुटतो, म्हणून तर ती सही हवी असते.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची: उत्तर गोव्याला पर्वरी, दक्षिण गोव्याला मडगाव. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते आणि करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा एम्मार एमजीएफ प्रकरणातला निकाल, डिसेंबर २०१८). सेवेसाठी आपण दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. सोबत करार, हप्त्यांचा पूर्ण उतारा, बँकेचं पासबुक, झालेला पत्रव्यवहार आणि शपथपत्र लागतं. गाडी ओढून नेण्याची भीती असेल तर अंतरिम आदेशाचा अर्ज त्याच दिवशी द्या.

इथे दोन ठिकाणी गाडं अडतं. कंपनीला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, पण ते मोजायचे तक्रारीच्या प्रतीसह नोटीस पोचल्यापासून. जोडपत्रं अपुरी असली की ‘प्रत मिळालीच नाही’ म्हणायला जागा मिळते. दुसरं खास गोव्याचं: टॅक्सी किंवा रेंट-अ-बाईकसाठी घेतलेलं कर्ज. एका टॅक्सीवर स्वतः पोट भरणारा ग्राहकच असतो, पण तक्रारीत ‘केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ असं स्पष्ट लिहावं लागतं. दुचाकींचा ताफा असेल तर हा मुद्दा बहुधा टिकत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं, आणि तोच वाद लवादापुढे चालू असेल तर लोकपाल तो घेत नाही. क्रम चुकला की ही वाट बंद.

मला खटकतं ते हे, की ग्राहकाचं हे संरक्षण कायद्याच्या मजकुरात सरळ लिहिलेलं नाही, ते निकालांत विखुरलेलं आहे. ज्याला निकाल माहीत, तो वाचतो. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने घरकर्जाच्या करारांत सक्तीच्या लवादाला थेट बंदी घातली. इतर वित्तीय करारांत लवाद कलमाच्या आड ग्राहकांचे सामूहिक दावे अडवू नयेत, असा नियम २०१७ मध्ये झाला, पण सिनेटने तो ५१ विरुद्ध ५० मतांनी रद्द केला, निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्षांचं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये लवाद कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला, तेव्हा मी एवढंच लिहून पाठवलं: १२(५) मधली ‘वाद उद्भवल्यानंतरची लेखी संमती’ हीच कसोटी ग्राहकाच्या कर्जकरारातल्या संपूर्ण लवाद कलमाला लावा.

निवाडा होऊन गेला असेल त्यांच्यासाठी: तो रद्द करण्याचा कोर्टातला अर्ज निवाड्याची सही केलेली प्रत हाती आल्यापासून ३ महिन्यांत, सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवसांत. पुढे उशीर माफ होत नाही. ज्या पाकिटातून निवाडा आला ते जपून ठेवा, तारीख त्यावरच्या शिक्क्यावरून सिद्ध करावी लागते.