पंचवीस वर्षं एकच मिशी

ब्रिटिश नट डेव्हिड सूशेबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अगाथा ख्रिस्तीचा मिशीवाला गुप्तहेर प्वारो टीव्हीवर केला तो हाच. त्याचं नाव काढलं की समोरचा हमखास म्हणतो, "पंचवीस वर्षं नुसता प्वारो! शिक्का बसला ना त्याच्यावर? कंटाळला कसा नाही?"

शिक्का बसला, यात वाद नाही. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवरची ही मालिका जानेवारी १९८९मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३मध्ये संपली. एकूण ७० भाग. पण प्वारो मिळाला तेव्हा सूशे चाळिशी ओलांडलेला, १९७३पासून रॉयल शेक्सपिअर कंपनीत मुरलेला नट होता. शेक्सपिअरचा शायलॉक झाला होता, इयागो झाला होता. गंमत म्हणजे १९८५च्या एका टीव्हीपटात पीटर उस्तिनोव प्वारो होता आणि सूशे त्याच कथांमधला पोलीस, इन्स्पेक्टर जॅप. ते काम त्याचं त्यालाच अजिबात आवडलं नव्हतं.

कंटाळा न येण्याचं कारण मला त्याच्या तयारीत दिसतं. त्याने अगाथा ख्रिस्तीच्या गोष्टी वाचून प्वारोच्या सवयींची यादी केली, ९३ कलमांची. पहिलंच कलम: बेल्जियन, फ्रेंच नव्हे! स्वतःचा खर्जातला आवाज त्याने छातीतून डोक्यात चढवला. चाल बसवताना तर ढुंगणात नाणं धरून घरात फेऱ्या मारल्या. नाणं पडता कामा नये. (हसा खुशाल, पण पुढचा भाग बघताना पावलांकडे लक्ष द्या.) सुरुवातीच्या दिवसांत बाकावर बसण्याआधी प्वारो रुमाल अंथरतो, त्यावरून दिग्दर्शकाशी चांगलीच जुंपली. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटत होतं. सूशे हटेना. शेवटी निर्माता ब्रायन ईस्टमनने त्याची बाजू घेतली आणि रुमाल राहिला. मला तो प्रसंग फार आवडतो, कारण नट तिथे स्वतःसाठी भांडत नाहीये.

आणि 'नुसता प्वारो' हे तर साफ चूक. मालिकेचं पुढचं पर्व होणार की नाही याची खात्री नसायची, त्यामुळे मधल्या काळात तो नाटकाकडे वळायचा. १९९३मध्ये हॅरॉल्ड पिंटरच्या दिग्दर्शनाखाली 'ओलिॲना', १९९८मध्ये 'अमेडियस'मधला सालिएरी, जो पुढे ब्रॉडवेवरही गेला. टीव्हीवर २००१मध्ये मेल्मॉट हा लबाड भांडवलदार केला. वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेलच्या भूमिकेसाठी आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला. सिनेमात मात्र त्याच्या वाट्याला बहुतेक दुय्यम कामं आली, तेवढं मान्य.

शेवटच्या पर्वात प्वारोच्या मृत्यूचा भाग मुद्दाम आधी चित्रित केला. त्यासाठी सूशेने वजन उतरवलं होतं. अखेरचं चित्रीकरण दुसऱ्याच कथेचं, इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये ख्रिस्तीच्या ग्रीनवे या घरी झालं, हिंडताफिरता प्वारो घेऊन. आणि २०१५मध्ये हा गृहस्थ लंडनच्या रंगभूमीवर झगा घालून ऑस्कर वाइल्डच्या नाटकातली खानदानी बाई, लेडी ब्रॅकनेल, करत होता.