पेंटॅक्स के १०००: शटर दुरुस्त करायचं की दुसरी बॉडी घ्यायची

टेबलावर आहे पेंटॅक्स के १०००, फिल्मवर चालणारा जुना मेकॅनिकल कॅमेरा. मुख्य तक्रार अशी की १/१००० सेकंदाच्या शटर-स्पीडवर काढलेल्या फ्रेमची एक बाजू काळवंडते, १/२५० पासून खाली मात्र सगळं ठीक. शिवाय आरशाचा फोम चिकट झालाय, ५० मिमी एफ/२ लेन्समध्ये बुरशी आहे. प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा मात्र हलतोय. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) ठेवायची की नाही हे शटरवरच ठरणार, बाकीचं किरकोळ.

हे मॉडेल १९७६ ते १९९७ या काळात बनलं. म्हणजे बाजारातली सगळ्यात तरुण बॉडीही पंचविशी ओलांडलेली. मुंबईच्या बोरा बाजारातून घ्या नाहीतर ऑनलाइन, 'वर्किंग कंडिशन'मधल्या बॉडीतही तेच जुनं तेल आणि तसाच फोम असण्याची शक्यता दाट. दुकानात शटर १/६० वर मारून दाखवलं तर त्या स्पीडला हा दोष दिसणारच नाही. तेव्हा केवळ शटर जड झालंय म्हणून दुसरी बॉडी घेणं म्हणजे पैसे देऊन तोच आजार घरी आणणं.

शटरचे दोन कापडी पडदे, पहिला उघडणारा आणि दुसरा झाकणारा, आडवे धावतात आणि फ्रेमचं ३६ मिमी अंतर साधारण १४ मिलिसेकंदांत कापतात. १/१००० ला दोन पडद्यांमधली फट जेमतेम अडीच मिमी. पहिला पडदा वाटेत थोडा रेंगाळला की दुसरा त्याला गाठत जातो आणि प्रवासाच्या शेवटच्या टोकाला फट चिंचोळी होते. १/६० ला तेवढाच फरक १६.७ मिलिसेकंदांत कुठल्या कुठे विरून जातो.

मोबाइलचा २४० एफपीएस स्लो-मो इथे कुचकामी, कारण त्याची एक फ्रेमच ४.२ मिलिसेकंदांची. म्हणून दोन बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोड (प्रकाश टिपणारे सेन्सर) ३२ मिमी अंतरावर पुठ्ठ्यावर बसवले. प्रत्येकाला ९ व्होल्टचा रिव्हर्स बायस आणि १० किलो-ओहमचा स्वतंत्र रेझिस्टर, समोर एलईडी टॉर्च, आणि सिग्नल यूएसबी साउंड कार्डच्या स्टिरिओ लाइन-इनला. डायोडवर काळी टेप लावून अर्ध्या मिमीची उभी खाच ठेवायची. त्याचा संवेदनशील भागच अडीच मिमीपेक्षा रुंद आहे, खाच नसेल तर १/१००० चं रीडिंग पसरट येतं. ४८ किलोहर्ट्झला ०.०२ मिलिसेकंदापर्यंत वाचता येतं. सावकाश स्पीडला साउंड कार्ड सिग्नल खाली ओढतं, तिथे फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या उसळीमधलं अंतर मोजायचं.

रीडिंग: दोन डायोडमधलं अंतर कापायला पहिला पडदा १३.९, दुसरा १३.१ मिलिसेकंद. १/१००० ला प्रकाश पडला तो सुरुवातीच्या टोकाला १.२, शेवटच्या टोकाला ०.४ मिलिसेकंद. म्हणजे जवळपास दीड स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

अशा वेळी खालची प्लेट काढून पहिल्या पडद्याचं स्प्रिंग-टेन्शन वाढवायचा मोह होतो. अजून नको. पडदा गुंडाळणाऱ्या मळलेल्या रोलरला जोर लावून पळवलं की आकडे सुधारतात, पण हवा बदलली की पुन्हा बिघडतात. आधी रोलरच्या टोकांवर लायटर फ्लुइड, तेही बारीक ब्रशने थेंबाथेंबाने. पडद्याच्या रबरावर ओघळू द्यायचं नाही. शटर तीस-चाळीस वेळा मारायचं, वर आलेला काळा मळ टिपायचा, वाळल्यावर सुईच्या टोकावर मावेल इतकंच घड्याळाचं तेल. रॉकेल नको, मागे तेलकट थर राहतो. डब्ल्यूडी-४० तर नकोच, ते पसरत पडद्यांपर्यंत जातं.

नंतरची रीडिंग: १२.९ आणि १२.६. १/१००० ला १.१ आणि ०.८, म्हणजे अर्धा स्टॉप. टेन्शनला हात न लावता. बॉडी ठेवायची, ठरलं.

निकाल उलटा लागला असता तो तीन गोष्टींमुळे. पडदा फाटलेला किंवा त्याची फीत सुटलेली (टाचणीएवढी भोकं पातळ काळ्या फॅब्रिक पेंटने बुजतात, आरसा कडेने वर धरून, मागून टॉर्च मारून तपासावं, शटर चढवून आणि न चढवता, दोन्ही वेळा). पडल्यामुळे लेन्सचा माउंट वाकलेला: व्हर्नियरने फ्लॅंजपासून (लेन्स टेकते ती कडी) फिल्म-रेलपर्यंत चारही कोपरे मोजा, ०.०५ मिमीच्या पुढे फरक असेल तर बॉडी फक्त सुट्या भागांसाठी. आणि आत खारं पाणी गेलेलं असेल तर विचारच करू नका. मीटर मेला म्हणून बॉडी बदलायचं कारण नाही. शटर बॅटरीशिवाय चालतं, एलआर-४४ फक्त मीटरसाठी.

लेन्सचा हिशोब वेगळा. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही डाग राहतात, आणि के-माउंटचं दुसरं ५० मिमी शोधणं सोपं. फोम काढताना कॅमेऱ्याची माउंटची बाजू खाली धरायची, नाहीतर चिकट कण फोकसिंग स्क्रीनवर पडतात. टूथपिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खरवडायचं, कापसाने चोळायचं नाही.

राहिलंय ते सावकाश स्पीडचं. १ सेकंद अजून १.३ वर आहे, तो गिअर-ट्रेनचा मळ. त्यानंतर एका रंगाच्या भिंतीवर १/१०००, १/५०० आणि १/२५० ला अ‍ॅपर्चर जुळवून टेस्ट रोल.