कोर्कोवाडोच्या डोंगरावर आई आणि मी, आणि वाटेतला फणस

रिओला जायचं ठरलं तेव्हा आईचा एकच प्रश्न होता, "चढायचं किती?" तिचे गुडघे गेली काही वर्षं दुखतात, गावच्या घराच्या चार पायऱ्या उतरतानाही ती भिंतीला हात लावते. मी कंपनीच्या कामासाठी साओ पाउलोला आहे आणि जानेवारीत ती महिनाभर माझ्याकडे आली होती, सावंतवाडीजवळच्या गावातून थेट ब्राझील. हात पसरलेल्या येशूचा तो पुतळा तिने कॅलेंडरवर वगैरे बघितलेला, त्यामुळे तो तर बघायचाच होता.

पुतळा आहे कोर्कोवाडो डोंगराच्या अगदी टोकावर, साधारण 700 मीटर उंचीवर, आणि शहर खाली समुद्राला टेकलेलं, म्हणजे ती सगळी उंची तुम्हाला चढावीच लागते. वर जायला तीन रस्ते. पार्के लाजेच्या बागेतून जंगलातली पायवाट निघते, चांगले दोन-तीन तास आणि शेवटी खडा चढ, तो आमच्यासाठी नव्हता. दुसरं म्हणजे कोपाकबाना आणि लार्गो दो माशादोहून सुटणाऱ्या व्हॅन. तिसरी कोस्मे वेल्योहून निघणारी छोटी रेल्वे. आम्ही रेल्वे घेतली आणि कुणी विचारलं तर मी डोळे झाकून हेच सांगेन, फक्त तिकीट आधी ऑनलाइन काढा, वेळ ठरलेली असते आणि सुट्टीच्या दिवशी स्लॉट पटापट संपतात.

लार्गो दो माशादोपर्यंत मेट्रो, पुढे बस. स्टेशनच्या बाहेर दोघं-तिघं मागे लागतात, "रेल्वे फुल आहे, आमच्या गाडीतून चला" म्हणून, आईला उन्हात थांबवून मी आत जाऊन विचारून आले तर गाडी वेळेवर सुटणार होती. मनस्ताप झाला खरा, तेव्हा तुम्ही सरळ काउंटरवरच विचारा.

गाडीत चढताना उजव्या बाजूची खिडकी पकडा, वर जाताना समुद्र त्याच बाजूला उघडतो. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे, आपल्या ऊटीच्या गाडीला असते तशी, खालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत गाडी वर चढते. 3.8 किलोमीटर, वीसेक मिनिटं. ही रेल्वे 1884 ची, ब्राझीलचा बादशहा दुसरा पेद्रो याच्या काळातली, आणि पुतळा उभा राहिला 1931 साली, म्हणजे पुतळ्यापेक्षा रेल्वे 47 वर्षांनी मोठी आणि पुतळ्याचं सामान याच रुळांवरून वर गेलं. मला हे फार आवडलं.

पाच मिनिटांत शहर संपलं आणि जंगल इतकं जवळ आलं की पानं खिडकीला लागतील असं वाटत होतं, आणि तेवढ्यात आई ओरडलीच, "गो, फणस बघ फणस!"

खरंच फणस. बुंध्याला लगडलेले, आपल्या परसात असतात तसेच. एक नाही, मग दुसरं झाड, मग तिसरं, आईने समुद्राकडे बघणं सोडूनच दिलं. शेजारच्या बाईंना मी मोडक्या पोर्तुगीजमधे विचारलं तर त्या म्हणाल्या, जाका. पोर्तुगीजांनी आपल्याकडून नेलेलं झाड ते, नाव पण मल्याळममधल्या चक्कावरून. आणि आपला काजू मूळचा इथला, इथला शब्दही काजूच, तो पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि आता आमच्या गावचे डोंगर काजूने भरलेत. हे सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे अदलाबदल केली."

या डोंगरांवर पूर्वी कॉफीचे मळे होते. त्यासाठी जंगल तोडलं, झरे आटले, शहराला पाणी पुरेना, तेव्हा 1861 पासून मेजर आर्शेर नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली तिजुकाच्या डोंगरावर परत झाडं लावायला सुरुवात झाली आणि ती लावणारे हात गुलामांचे होते. वर जाताना सगळे पुतळ्याच्या गप्पा मारतात, या माणसांबद्दल कुणी बोलत नाही, मला ते मनापासून खटकलं. फणसाची दुसरी बाजूही आहे, तो इथे इतका पसरला की स्थानिक झाडांना जागा उरत नाही, म्हणून तिजुकाच्या राष्ट्रीय उद्यानाचे लोक त्याची झाडं मुद्दाम मारतात. कारण पटतं, पण आईला हे सांगताना जीभ अडखळली.

वरच्या स्टेशनपासून पुतळ्यापर्यंत दोनशेवर पायऱ्या, पण लिफ्ट आहे आणि पुढे सरकते जिने, त्यामुळे गुडघेवाल्यांनी अजिबात घाबरू नका. आम्ही पोचलो तेव्हा ढग होता. पुतळा 30 मीटर उंच, खाली 8 मीटरचा चौथरा, आणि आम्हाला दिसत होता तो झग्याचा खालचा भाग फक्त. मधेच एक हात दिसायचा, परत जायचा. तासभर थांबलो, चेहरा काही पूर्ण दिसला नाही. तेव्हा निघायच्या आधी खालून डोंगराचं टोक दिसतंय का बघा आणि शक्यतो सकाळीच जा, इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, दुपारनंतर ढग चढतात.

पण जवळून दिसलं ते वेगळंच. आतून काँक्रीट आहे, वरून सोपस्टोन नावाच्या मऊ दगडाचे छोटे छोटे त्रिकोणी तुकडे. ते तुकडे बायकांनी बसून कापडावर चिकटवले होते आणि काहींनी मागच्या बाजूला नावं लिहिली, आपल्या माणसांची. आई म्हणाली, "आपण वाती वळायला बसतो तशा बसल्या असतील." पुतळ्याच्या पायाशी छोटं चॅपल आहे, तिथे तिने हात जोडले.

ढगाला एकदा भोक पडलं आणि खाली खाडी दिसली आणि पाओ दे असुकारचा सुळका. पाओ म्हणजे आपला पाव, साखरेचा पाव, असं सांगितल्यावर ती हसली.

परतीच्या गाडीत मी तिच्यासाठी समुद्राच्या बाजूची खिडकी धरून ठेवली होती. तिने मला तिथे बसवलं आणि स्वतः पलीकडे जंगलाच्या बाजूला जाऊन बसली, फणस मोजायला. कोस्मे वेल्यो येईपर्यंत सतरा झाले.